उस्तादांच्या गोष्टीतलं खरं आणि रचलेलं कसं वेगळं करावं

कराटेच्या क्लासचं माहितीपत्रक असो की व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर, एखाद्या उस्तादाची गोष्ट वाचली की बहुतेक जण आधी विचारतात, "असं घडणं शक्य आहे का?" शक्य तर पुष्कळ काही असतं. त्याआधी विचारायचं ते हे: ही गोष्ट पहिल्यांदा कोणत्या साली लिहिली गेली, आणि लिहिणारा कोण होता? एवढं शोधलं की निम्मं काम झालं.

सुरुवात गोष्टीचे तुकडे पाडण्यापासून करा. अख्खी गोष्ट खरी की खोटी, असा निकाल लावायला जाऊ नका.

जपानी तलवारबाज मियामोतो मुसाशीचं सर्वात गाजलेलं द्वंद्व घ्या. प्रचलित गोष्ट अशी: 1612 साली फुनाजिमा बेटावर सासाकी कोजिरोशी द्वंद्व ठरलं. मुसाशी मुद्दाम उशिरा पोचला. येताना होडीत बसून त्याने वल्ह्याची लाकडी तलवार तासली. चिडलेल्या कोजिरोने म्यान फेकून दिलं आणि मुसाशीच्या फटक्याने तो जागीच मेला. यात निदान आठ दावे आहेत: द्वंद्व झालं हा एक, मग साल, जागा, उशीर, वल्हं, म्यान, प्रतिस्पर्ध्याचं आडनाव आणि मरण. वहीत प्रत्येकाला स्वतंत्र ओळ द्या. पुढे चार रकाने आखा: सर्वात जुना लेखी उल्लेख, त्याचं साल, लिहिणाऱ्याचं उस्तादाशी नातं, आणि घटनेपासून लिहिण्यापर्यंत गेलेली वर्षं.

आता रकाने भरा. मुसाशी 1645 साली वारला. त्याच्या दत्तक मुलाने, इओरीने, 1654 मध्ये जपानमधल्या कोकुरा शहराजवळ शिलालेख उभारला. त्यात गानर्यू नावाचा तलवारबाज (म्हणजेच कोजिरो) आहे, बेट आहे, मुसाशीची लाकडी तलवार आहे. आणि दोघे एकाच वेळी तिथे पोचले असं स्पष्ट लिहिलं आहे. उशिराचा मागमूस नाही, सासाकी हे आडनावही नाही. घटनेपासूनचं अंतर 42 वर्षं.

दुसरी नोंद नुमाता या जपानी सरदार घराण्याच्या बखरीतली, 1672 सालची, म्हणजे 60 वर्षांनंतरची. ती भलतंच सांगते. शिष्य आणायचे नाहीत असं ठरलं होतं, तरी मुसाशीचे शिष्य लपून बसले होते; फटक्याने पडलेला कोजिरो शुद्धीवर आला तेव्हा त्यांनी त्याला ठार केलं. मग चिडलेले कोजिरोचे शिष्य मुसाशीच्या मागे लागले आणि नुमातांनी त्याला आसरा देऊन सुखरूप पोचवलं.

उशीर, तासलेलं वल्हं, फेकलेलं म्यान हा सगळा ऐवज येतो तो मुसाशीच्याच परंपरेतल्या अनुयायांनी 18व्या शतकात संकलित केलेल्या चरित्रांत; त्यांतलं सर्वात गाजलेलं 1776 चं. अंतर दीडशे वर्षांच्या आसपास. सासाकी हे आडनाव 18व्या शतकातल्या नाटकांनी रुळवलं, आणि 1935 ते 1939 या काळात वर्तमानपत्रात क्रमशः आलेल्या कादंबरीने ते चित्र घरोघरी पक्कं केलं.

साल जसं पुढे सरकतं तसा तपशील वाढत जातो, हे या तक्त्यात डोळ्यांनी दिसतं. खऱ्या आठवणी काळाबरोबर विरतात. रचलेली गोष्ट काळाबरोबर भरत जाते. तपशील जितका देखणा आणि उगम जितका उशिराचा, तितका संशय जास्त.

पण सर्वात जुना म्हणून शिलालेख डोळे झाकून स्वीकारू नका. तो मुलाने बापाच्या गौरवासाठी कोरवला आहे. नुमातांच्या बखरीत नुमातांचाच पूर्वज तारणहार आहे, हेही नातं रकान्यात लिहा. दोघांचे हितसंबंध वेगळे असूनही ज्या मुद्द्यांवर ते जुळतात (द्वंद्व झालं, मुसाशी जगला, प्रतिस्पर्धी मेला), ते मुद्दे भक्कम. बाकीचे पेन्सिलीनेच ठेवा.

तीन ठिकाणी हमखास घसरायला होतं. एक, एकाच ग्रंथावरून उतरवलेली वीस पुस्तकं म्हणजे वीस साक्षीदार असं मोजणं. वीसही पुस्तकांत तोच विचित्र तपशील त्याच क्रमाने येत असेल तर साक्षीदार एकच.

दोन, मौनाचा चुकीचा अर्थ. मुसाशीने आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या ग्रंथात या द्वंद्वाचा उल्लेख नाही, म्हणून ते झालंच नाही असं काही जण ठोकून देतात. पण 13 व्या वर्षापासून 28-29 पर्यंत साठहून जास्त लढती केल्या असं सांगताना तो प्रतिस्पर्ध्यांची नावं जेमतेम दोनच देतो. जिथे नाव येणं अपेक्षित होतं तिथे ते नसेल, तरच मौनाला वजन.

तीन, वयाचा हिशेब. जुन्या जपान-चीनमध्ये जन्मताच मूल एक वर्षाचं धरत आणि दर नववर्षाला एक मिळवत. मुसाशी 1643 मध्ये स्वतःला साठ वर्षांचा म्हणतो. सरळ वजाबाकीने 1583 येतं, त्यांच्या पद्धतीने 1584. त्यात एक मिळवायला विसरलात तर पुढची सगळी सालं सरकतात. बरोबर हिशेब केला तर 29 वं वर्ष 1612 मध्येच पडतं. पण त्यावरून लगेच साल सिद्ध झालं म्हणू नका. उशिराच्या लेखकाने मुसाशीचाच ग्रंथ समोर ठेवून साल काढलं असण्याची शक्यता उरतेच.

कागदच बनावट असला तर वेगळी तपासणी लागते. आपल्याकडे सर्वात लाडकी गोष्ट बोधिधर्माची: दक्षिण भारतातल्या राजपुत्राने चीनमधल्या शाओलिन मठाच्या भिक्षूंना कुंगफू शिकवलं. 547 च्या सुमाराच्या, त्याचा उल्लेख करणाऱ्या सर्वात जुन्या चिनी ग्रंथात तो इराणकडचा, दीडशे वर्षांचा भिक्षू आहे. 645 च्या चरित्रग्रंथात दक्षिण भारतीय. दोन्हींत युद्धकलेचा शब्द नाही. व्यायामाचा जो ग्रंथ त्याच्या नावावर खपतो तो 1624 चा. त्याला 628 सालची म्हणून एक प्रस्तावना जोडली आहे, चीनच्या तांग राजवटीतल्या सेनापती ली जिंगच्या नावाने. पण त्या प्रस्तावनेत एक पात्र खरा माणूस म्हणून येतं, आणि ते आहे नंतरच्या एका काल्पनिक कथेतलं. अशी एक वस्तू, पदवी, गाव किंवा माणूस शोधा, जो त्या तारखेला असूच शकत नव्हता. एक सापडला तरी तारीख कोसळते.

इथे भारताचा संबंधच नाही असं मात्र नाही. शाओलिन मठ पाचव्या शतकाच्या अखेरीस सम्राटाने बांधून दिला तो बातुओ या भारतीय भिक्षूसाठीच. आणि 621 च्या लढाईत तेरा भिक्षूंनी पुढे तांग सम्राट झालेल्या ली शिमिनला मदत केली, हे 728 च्या शिलालेखात आहे. अभिमान बाळगायचा तर तो या नोंदींचा बाळगावा.

विसाव्या शतकातल्या उस्तादांसाठी दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र हाच मोठा आधार. गामा पैलवानाने पोलिश पैलवान झ्बिस्कोला मिनिटभरात चीत केलं, हे लंडनच्या नावावर खपवलं जातं. लंडनची कुस्ती 10 सप्टेंबर 1910 ची. ती अडीच तासांहून जास्त चालून बरोबरीत सुटली आणि 17 तारखेला झ्बिस्को आलाच नाही. मिनिटभराची कुस्ती 1928 ची, पतियाळातली. दोन प्रसंग एकात मिसळणं ही दंतकथेची नेहमीची खोड, म्हणून तारीख आणि गाव प्रत्येक ओळीत लिहाच.

मग आकडेमोड करा. "पाच हजार कुस्त्या, एकही हार नाही": चाळीस वर्षांवर पसरल्या तरी वर्षाला 125, म्हणजे तीन दिवसांत एक. तालमीतल्या सरावाच्या लढती धरल्याशिवाय हा आकडा बसत नाही. उलट रोजच्या 5000 बैठका आणि 3000 जोर ऐकायला अशक्य वाटतात. पण बैठकीला 2 सेकंद, जोराला 3 सेकंद धरले तर साधारण सव्वापाच तास होतात. दिवसभर तेच करणाऱ्या पैलवानाला ते अवघड आहे, अशक्य नाही.

बडोद्याच्या संग्रहालयातल्या, गामाने 1902 मध्ये उचललेल्या म्हणतात त्या दगडाचं वजन 1200 किलो सांगतात. घनमीटरला 2700 किलो धरलं तर एवढ्या वजनाला 76 सेंटिमीटर बाजूचा ठोकळा लागतो. टेप लावून लांबी-रुंदी-उंची मोजा, गोलाई वजा करा आणि वजन स्वतः काढा. मग "उचलला" म्हणजे काय ते विचारा: छातीपर्यंत, जमिनीपासून बोटभर, की नुसती एक कड? पकडीसाठी घडवलेल्या पोलादी दांड्यावरून 500 किलो जमिनीवरून उचलायला माणसाला 2016 साल उजाडावं लागलं.

लिहिताना क्रियापदं जपून वापरा. समकालीन नोंद असेल तर "झालं". घरच्यांची किंवा शिष्यांची नोंद असेल तर "त्यांच्या मुलाने कोरवलं आहे" असं नातं धरून. शंभराहून जास्त वर्षांचं अंतर असेल तर "18व्या शतकापासून सांगतात". वल्ह्याची ओळ वहीतून खोडू नका. मुसाशीच्या शिष्यपरंपरेला आपला गुरू कसा आठवायचा होता, याचा तो उत्तम पुरावा आहे. फक्त सालाच्या रकान्यात 1612 च्या जागी 18वं शतक टाका.