मित्रांसोबत राजमाचीचा मुक्काम: कातळावर तंबू कसा उभारायचा

मुंबईच्या मित्रमंडळींना पहिल्यांदा तंबूतल्या मुक्कामाला न्यायचं असेल तर राजमाचीला न्या. कर्जतपर्यंत लोकल जाते, किल्ल्याच्या कुशीतल्या उधेवाडीत जेवण आणि पाणी मिळतं, आणि रात्री काही बिनसलंच तर कुणाच्या तरी पडवीत आडवं होता येतं. पहिलाच मुक्काम थेट हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर करायचा हट्ट कुणी धरला तर मोडून काढा. तिथला वारा नवख्यांसाठी नाही.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात राजमाची देखणी असते, जरूर जा, पण तेव्हा तंबू घरी ठेवा आणि गावात राहा. चिखलात, धो धो पावसात रात्रभर तंबूत बसून कुणालाच काही मिळत नाही.

निघण्याआधी

सामानाच्या याद्या सगळीकडे मिळतात, त्या मी देत नाही. तीनच गोष्टी सांगतो. मंडळी चार ते सहा असावीत. दहा जण झाले की निम्मा वेळ एकमेकांची वाट बघण्यात जातो. उधेवाडीतल्या एखाद्या घरी आदल्या दिवशी फोन करून जेवण सांगून ठेवा. पिठलं-भाकरी, ठेचा आणि भात मिळत असताना दोन किलोचा स्टोव्ह आणि भांडी पाठीवर वाहण्यात काही शहाणपण नाही. आणि तंबूवर ‘तीन जणांसाठी’ असं लिहिलं असेल तर तो सॅकसकट दोघांचा धरा.

चौथी गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून तिच्यावर जोर देतो: तंबू एकदा इमारतीच्या गच्चीवर उभा करून बघा. मैदानात नको, गच्चीवरच. मैदानात खुंट्या मातीत सहज जातात आणि आपल्याला तंबू लावता येतो असा समज होतो. गच्चीच्या स्लॅबमध्ये खुंटी जात नाही आणि सह्याद्रीच्या कातळातही जात नाही. पाण्याचे कॅन, विटा, कुंड्या यांना दोऱ्या बांधून तो नीट ताणता आला तर राजमाचीला अर्धं काम झालं.

वाट

पहाटेची कर्जत लोकल पकडा. स्टेशनवर वडापाव खा, पाण्याच्या बाटल्या भरा (माणशी तीन लिटर, त्याहून कमी चालणार नाही) आणि रिक्षाने कोंदिवडे गाठा. तिथून कोंढाणे लेण्यांपर्यंत वाट सोपी आहे. लेण्यांत अर्धा तास थांबा. ही बौद्ध लेणी दोन हजार वर्षांहून जुनी, आणि इथल्या एका ब्राह्मी लेखात ‘कण्हाचा शिष्य बलक याने केले’ अशा अर्थाची ओळ आहे. लेण्यांनंतर खरी चढण लागते, रानातून, उभी. सगळ्यांत दमणारा माणूस पुढे ठेवा, वाट माहीत असलेला सगळ्यांत मागे. दुपारी तीनपर्यंत उधेवाडीत पोचायचंच, चारच्या पुढे काही झालं तरी जाऊ देऊ नका. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तंबूची जागा उजेडातच निवडायची असते.

जागा निवडणं

इथे मात्र सावकाश वाचा. तंबूत रात्र कशी जाणार हे या टप्प्यावर ठरतं आणि मिळणारे सल्लेही इथलेच सगळ्यांत वाईट. ‘सपाट जागा बघा, खुंट्या तिरक्या ठोका, झालं.’ हा सल्ला दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या हिरवळीसाठी असेल. आपल्याकडे वर दोन बोटं माती आणि खाली बेसाल्ट. तंबूसोबत येणाऱ्या तारेच्या खुंट्या दगडाने दोन फटके मारताच वाकतात. मलाही हे जमायला बरेच मुक्काम लागले, कारण ज्याला त्याला विचारलं की हेच उत्तर मिळायचं.

बालेकिल्ल्यावर तंबू लावू नका. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले बघायला सकाळी जा. किल्ला संरक्षित स्मारक आहे, माथ्यावर वारा मोकाट असतो आणि अंधारात लघवीला उठलेल्या माणसाला कडा दिसत नाही. मुक्काम खाली गावाच्या सपाटीवर. तिथली जमीनही कुणाच्या तरी मालकीची असते, म्हणून जिथे जेवण सांगितलंय त्याच घरातल्या काका-मावशींना विचारा, ‘तंबू कुठे लावू?’ पैसे आधीच बोलून घ्या. गावातल्या माणसाने दाखवलेली जागा शंभरातल्या नव्वद वेळा तुमच्या निवडीपेक्षा बरी असते. वारा कुठून येतो, गुरं कुठून जातात हे त्यांना माहीत असतं.

भाताची कापणी झालेली खाचरं बऱ्याचदा दाखवली जातात. माती बरी असते, खुंटी थोडी तरी जाते, आणि बांधाचा गुडघाभर आडोसा मिळतो. पण कापलेल्या भाताची धसकटं वाळून खिळ्यासारखी ताठ होतात. तंबूचा तळ त्यावर टाकला आणि वर कुणी गुडघ्यावर बसलं की भोक पडलंच. जागा आधी बुटांनी तुडवून घ्या, मग हात फिरवून बघा, मग जाड प्लास्टिक अंथरा. हे प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी वीतभर आत दुमडलेलं असलं पाहिजे. बाहेर डोकावलं तर रात्रभराचं दव त्यावर जमून थेट तुमच्या पाठीखाली येतं.

झाडाखाली तंबू लावण्याआधी मान वर करा. आग्या मोहोळ दिसलं तर तिथून निमूट दूर जा आणि आसपास धूर करू नका. कोरड्या ओढ्याच्या पात्रात आणि गुरांच्या पायवाटेवर तंबू नको.

वारा

संध्याकाळी पाच वाजता जाणवणारा वारा बघून तंबूचं तोंड ठरवणं ही चूक मी दर हिवाळ्यात शेजारच्या तंबूंत बघतो. दिवसा जमीन तापते आणि वारा कोकणाकडून, म्हणजे पश्चिमेकडून वर येतो. सूर्य बुडाला की तो पडतो आणि तासाभर सगळं इतकं शांत होतं की लोक दोऱ्या न ताणताच गप्पा मारत बसतात. रात्री घाटमाथा गार पडतो, तिथली जड हवा दरीकडे उतरू लागते आणि बारा-एकच्या पुढे वारा पूर्वेकडून सुटतो. ज्या बाजूला तुम्ही दार ठेवलं, नेमकी तीच बाजू आता त्याच्या तोंडावर. तंबू फुग्यासारखा फुगतो, कापड फडफडतं आणि झोप संपते.

म्हणून हिवाळ्यात तंबूची अरुंद, बुटकी बाजू पूर्वेला करा. दार शक्यतो पश्चिमेला किंवा आडोशाच्या बाजूला. संध्याकाळच्या वाऱ्याने थोडा त्रास झाला तर होऊ द्या, तेव्हा तुम्ही जागेच असता.

कातळावर तंबू बांधणं

आधी सॅक आत टाका. दोन पोलांचा घुमटाकार तंबू खुंट्यांशिवाय उभा राहतो, म्हणून लोक निर्धास्त होतात. रिकामा असेल तर एका झुळकीसरशी तो गडगडत जातो आणि पोल मोडतो. वारा असेल तर तो ज्या बाजूने येतोय तिकडचे दोन कोपरे आधी दगडांनी दाबा, मगच पोल घाला.

आता दोऱ्या. तंबूसोबत आलेल्या दोऱ्या आखूड असतात. हार्डवेअरच्या दुकानातून चार मिलिमीटरची नायलॉनची दोरी घ्या, दोन-दोन मीटरचे आठ तुकडे करा आणि टोकं मेणबत्तीवर वितळवून घ्या, नाहीतर पीळ सुटतो.

बहुतेक जण दोरी एका दगडाला गुंडाळतात आणि सोडून देतात. नारळाएवढा दगड वाऱ्यात घसरत येतो, आणि दोन हातांनी उचलावा लागणारा दगड दोरीने नीट बांधता येत नाही. म्हणून दोन दगड वापरा. दोरीच्या टोकाला फासा करा, त्यात मुठीपेक्षा थोडा मोठा, लांबट दगड आडवा घाला. दोरी ताणून हा दगड जमिनीवर ठेवा. मग मोठा, जड दगड आणून लहान दगडाच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवरच बसवा. वाऱ्याने दोरी ओढली की लहान दगड मोठ्याला जाऊन अडतो आणि जितकी ओढ तितका घट्ट बसतो. ताण कमी-जास्त करायचा तर मोठा दगड न हलवता लहान दगडाभोवती दोरीचा एखादा वेढा वाढवायचा किंवा काढायचा. एवढीच युक्ती आहे आणि कातळावर हिच्याइतकं भरवशाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

बेसाल्टच्या कडा धारदार असतात. वारा दोरीला रात्रभर त्याच जागी घासत राहतो, आणि पहाटे ती अर्धी तुटलेली दिसते. मोठ्या दगडाखाली जिथे दोरी दबते तिथे जुन्या मोज्याचा तुकडा घाला.

दगड उचलताना थेट बोटं खाली घालू नका. आधी काठीने किंवा बुटाने उलथवा, कारण थंडीत विंचू दगडाखालीच असतो. आणि दगड माळावरचे घ्या. तटबंदीचा, देवळाच्या जोत्याचा, पाण्याच्या टाक्याच्या कडेचा एकही दगड हलवू नका, तो सुटून पडलेला असला तरी. दर शनिवारी एकेका गटाने चार-चार दगड काढले तर किल्ल्याचं काय उरेल? मित्रांपैकी कुणी असा दगड उचलून आणला तर त्याला तो जिथून आणला तिथे परत ठेवायला लावा, अंधार पडला असला तरी.

बाहेरचं कापड आतल्या कापडाला कुठेही टेकता कामा नये. दोन माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभर बाहेरच्या कापडावर आतून साचते. कापडं टेकली की ते पाणी थेट झोपायच्या पिशवीवर उतरतं आणि सकाळी ‘तंबू गळतो’ म्हणून तक्रार होते. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन गच्च बंद करू नका, वरची हवेची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. थंडी जास्त करून खालून लागते. कॅरीमॅट (अंगाखाली अंथरायची फोमची चटई) चांगली असेल तर उघड्या खिडकीचा त्रास होत नाही.

झोपण्याआधी हेडटॉर्च लावून एक फेरी मारा आणि प्रत्येक दोरी पुन्हा ताणा. नायलॉन दवाने ओलं झालं की सैल पडतं, म्हणजे सहाला ताणलेली दोरी दहाला ढिली असते. ही फेरी चुकवायची नाही. मध्यरात्री फडफड ऐकू आली तर ‘थांबेल आपोआप’ म्हणून पडून राहू नका. दोन मिनिटांचं काम असतं, उठा.

रात्र

शेकोटी वाळल्या गवताजवळ कधीच नको. वणवा लागायला एक ठिणगी पुरते आणि तो गुरांचा वर्षभराचा चारा खातो. गावातल्या अंगणात, घरच्यांच्या परवानगीने शेकायला बसा. तंबूत मेणबत्ती, स्टोव्ह, धगधगता कोळसा यांतलं काहीही चालणार नाही. बंद जागेतला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय माणूस मारतो. स्पीकर मुंबईत ठेवून या. गावातली माणसं पहाटे उठतात. बूट तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकूनच पाय घाला.

दुसरा दिवस

उजाडताच श्रीवर्धन, मग भैरवनाथाच्या देवळावरून मनरंजन. नऊपर्यंत खाली या आणि न्याहारी करा. परतताना कोंढाण्याचा उभा उतार दमलेल्या गुडघ्यांना सोसत नसेल तर लोणावळ्याचा रस्ता धरा. तो जवळपास पंधरा किलोमीटर आहे, लांबलचक पण सोपा. एवढं लक्षात ठेवा की लोणावळ्याहून मुंबईची लोकल नसते; एक्सप्रेस किंवा बस बघावी लागते आणि रविवारी संध्याकाळी दोन्ही तुडुंब भरलेल्या असतात. पोरं थकलेली नसतील तर कर्जतच बरं.

निघताना जमवलेले दगड पुन्हा माळावर पसरून टाका. अंगठीसारखी गोल मांडणी तशीच ठेवली तर पुढचा गट त्यातच शेकोटी पेटवतो. दोऱ्यांचे तुकडे आणि वाकलेल्या खुंट्या मोजून घ्या; गवतात राहिलेली खुंटी गुरांच्या खुरात घुसते.

तंबू दवाने ओला असेल तर उन्हाची वाट बघत अकरापर्यंत बसून राहू नका, ओलाच गुंडाळा. मात्र घरी पोचल्यावर त्याच रात्री तो उघडा. मुंबईच्या दमट हवेत ओला तंबू पिशवीत आठवडाभर राहिला तर कापडावर काळे ठिपके येतात आणि आतला जलरोधक थर चिकट होऊन सुटू लागतो. बाहेरचं कापड बाल्कनीच्या दोरीवर, आतलं पंख्याखाली, पोलांचे सांधे कोरड्या फडक्याने पुसलेले. पूर्ण वाळल्यावर घट्ट गुंडाळी न करता सैलसर घडी घालून कपाटात ठेवा, आणि वाकलेल्या खुंट्यांच्या जागी नव्या खुंट्या त्याच आठवड्यात आणून पिशवीत टाका.