नगरसेवकाकडे काम अडलंय आणि तो "एकटी ये" म्हणतोय, तर काय करायचं

रहिवासी दाखला, रेशनकार्ड, नळजोडणी, पोरीला ठेक्यावर नोकरी, नाहीतर महिला आघाडीत पद. यातल्या कशासाठी तरी बाई भाऊंच्या जनसंपर्क कार्यालयात जाते आणि मग "संध्याकाळी ये, निवांत बोलू" सुरू होतं.

त्याच्या हातात तुमचं अडलेलं काम सोडून दुसरं काहीच नसतं, म्हणून आधी ते काढून घ्या. दाखला आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूत, रेशनकार्ड शिधावाटप कार्यालयात, नळाचं ठाण्यात प्रभाग समितीत आणि नवी मुंबईत विभाग कार्यालयात. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अशा बऱ्याच सेवांना मुदत ठरलेली आहे, ती उलटली की अपील करता येतं, त्यामुळे पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

मेसेज कितीही किळसवाणे असले तरी डिलीट करू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका, मूळ फोन जपा. एक वही करा आणि "अश्लील बोलला" असं मोघम लिहू नका, असं लिहा: मंगळवार, सव्वासात, ऑफिसात पीए आणि चहावाला पोरगा होता, साहेबांनी दोघांना बाहेर पाठवलं, दार लोटलं, मनगट धरलं, आणि पुढे तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, लाज वाटली तरी.

पोलीस स्टेशनात "एनसी घेतो (म्हणजे अदखलपात्र नोंद, ज्यावर पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत), बोलावून समज देतो" म्हणतील, ऐकू नका. लैंगिक छळ, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ७५, दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागतो, एफआयआरच हवा. अंगाला हात लावला असेल तर कलम ७४, म्हणजे विनयभंग, पण लावायला सांगा. नोकरीचं खोटं आमिष दाखवून संबंध ठेवले असतील तर कलम ६९ आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा, त्यामुळे "तू स्वतःहून गेलीस" एवढ्यावर तो सुटत नाही. स्टेशनात भाऊंची ऊठबस असेल तर दुसऱ्या कुठल्याही स्टेशनात झिरो एफआयआर करा, हद्द नसली तरी तो घ्यावा लागतो आणि मग योग्य स्टेशनला पाठवला जातो. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो, एफआयआरची प्रत फुकट मिळते, आणि नोंदवायला नकार दिला तर डीसीपींना (पोलीस उपायुक्तांना) पोस्टाने लेखी तक्रार, तरी नाही हलले तर मॅजिस्ट्रेट.

निवडून आलेला नगरसेवक लोकसेवक असतो, कामाच्या बदल्यात शरीर मागणं ही लाचच, तेव्हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या (एसीबी) १०६४ वर पण बोला. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागतो, १०९८ या चाइल्डलाइनवर लगेच फोन.

त्याच्याच ऑफिसात किंवा संस्थेत नोकरीला असाल तर मालकाविरुद्धची तक्रार कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठी असलेल्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, शक्यतो घटनेपासून तीन महिन्यांत. इथे बऱ्याच जणी चुकतात: ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्हा, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगडात, म्हणजे पोलीस नवी मुंबईचे असले तरी समिती रायगडची.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. ठाणे कोर्टातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला उत्पन्न न विचारता वकील देतं, नंबर १५१००.

तक्रार गेली की ज्येष्ठ कार्यकर्ते "घरातच मिटवू" म्हणत बैठकीला बोलावतील, कोणीतरी स्टॅम्पपेपर पण घेऊन येईल. एकटीने जाऊ नका, कशावरच सही करू नका, आणि निरोप कोणी आणला, किती वाजता, ते पण वहीत लिहा.