पदवीचे गुण कमी असतील तर लॉ स्कूलच्या अर्जाला पुरवणी कशी जोडावी

अमेरिकेत लॉ स्कूलला अर्ज करताना स्वतःबद्दलचा निबंध वेगळा असतो आणि कमी गुणांचा खुलासा वेगळ्या कागदावर द्यायचा असतो. या कागदाला इंग्रजीत अ‍ॅडेंडम म्हणतात, आपण पुरवणी म्हणू. इथल्या मराठी घरांतली मुलं मला मसुदे वाचायला देतात. बरेचसे दीड-दोन पानी असतात आणि पहिल्या ओळीपासून माफी मागत असतात. वाचताना जीव तुटतो. पण लॉ स्कूलच्या प्रवेश समितीला माफी नको असते. काय झालं, ते कधी संपलं आणि संपलं हे कशावरून मानायचं, एवढंच तिला हवं असतं.

१. आधी खरा आकडा बघा

कॉलेजच्या गुणपत्रिकेवरचा जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, आणि लॉ स्कूलला दिसणारा जीपीए एकच असेल असं नाही. अर्ज एलसॅक या संस्थेमार्फत जातात आणि ती सगळे गुण स्वतःच्या पद्धतीने नव्याने मोजते. पहिली पदवी मिळेपर्यंत घेतलेले सगळे कोर्स त्यात येतात, अगदी हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेलेसुद्धा. ए-प्लसला ४.३३ मिळतात, हा फायदा. तोटा पुन्हा घेतलेल्या विषयात होतो. समजा रसायनशास्त्रात आधी डी मिळाला आणि तोच विषय पुन्हा घेऊन ए मिळवला. कॉलेज फक्त ए धरत असेल, पण पहिला गुण आणि त्याचे क्रेडिट गुणपत्रिकेवर दिसत असतील तर एलसॅक दोन्ही धरते. म्हणजे नुसत्या ए च्या ४.० च्या जागी, डी चा १.० धरून सरासरी २.५. पदवीनंतरच्या मास्टर्सचे गुण या आकड्यात येत नाहीत. गुणपत्रिका पोचल्यावर एलसॅकच्या खात्यात गुणांचा गोषवारा मिळतो. तो समोर ठेवूनच लिहायला बसा.

२. पुरवणी लागते का, ते ठरवा

एखादा सी मिळाला म्हणून पुरवणी लिहू नका. चारही वर्षं गुण सारखेच मध्यम असतील आणि त्यामागे सांगण्यासारखं कारण नसेल, तरीही नको. ती ताकद लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेच्या, म्हणजे एलसॅटच्या, तयारीला द्या. त्या परीक्षेचे गुण १२० ते १८० मध्ये असतात आणि जीपीए आता बदलता येत नसला तरी हे गुण अजून तुमच्या हातात आहेत. ‘माझा विषय अवघड होता’ किंवा ‘प्राध्यापक कडक होते’ हीही कारणं नव्हेत. इंजिनिअरिंगमध्ये गुण कमी पडतात हे समितीला ठाऊक असतं. २०२० च्या वसंत सत्रात अनेक कॉलेजांनी अक्षरी गुणांऐवजी पास-नापास दिलं, हेही तिला ठाऊक आहे.

आजारपण, घरातला मृत्यू, आठवड्याला तीस तास नोकरी, वडिलांची नोकरी जाणं अशा कारणाने ठरावीक सत्रांत गुण पडले असतील, तर मात्र जरूर लिहा. आपल्याकडे ‘घरातलं बाहेर कशाला सांगायचं’ म्हणून मुलांना थांबवतात. पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, इथे थांबवू नका. खुलासा नसेल तर वाचणाऱ्यासमोर फक्त घसरलेला आकडा राहतो.

३. लिहा, आणि अर्ध्या पानात संपवा

आकड्यापासून सुरुवात करा. मजकूर साधारण असा असावा:

‘माझा एकूण जीपीए ३.३ आहे. दुसऱ्या वर्षी आईवर कर्करोगाचे उपचार सुरू होते. मी दर शुक्रवारी घरी जाऊन धाकट्या भावाला सांभाळत असे. त्या दोन सत्रांत माझी सरासरी २.४ होती. मे महिन्यात उपचार संपले. त्यानंतरच्या चार सत्रांत माझी सरासरी ३.७ आहे. ती दोन सत्रं वगळता उरलेल्या सहा सत्रांची सरासरी ३.६ येते.’

इथेच थांबा. ‘या अनुभवाने मला खूप शिकवलं’ हे वाक्य प्रत्येक मसुद्यात असतं आणि प्रत्येक वेळी मी ते काढायला लावते. शिकलात हे ३.७ सांगतो आहे.

कारण स्वतःचीच हेळसांड असेल तर तसंच लिहा: पहिल्या वर्षी अभ्यासाकडे लक्ष दिलं नाही, प्रोबेशनवर (कमी गुणांमुळे कॉलेजच्या ताकिदीवर) गेलो, नंतर वेळापत्रक बदललं. दोन ओळी पुरतात, फक्त पुढचे गुण चढते हवेत. प्रोबेशनबद्दल अर्जात वेगळा प्रश्न असेल तर तिथेही उत्तर द्या. खोटं किंवा फुगवलेलं काही लिहू नका. पुढे वकिलीची सनद मिळण्याआधी चारित्र्याची तपासणी होते, आणि तेव्हा लॉ स्कूलचा हाच अर्ज पुन्हा उघडला जाऊ शकतो.

मानसिक आजाराबद्दल किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. ‘प्रकृतीचं कारण होतं, उपचार घेतले, आता स्थिर आहे’ एवढं पुरतं. मागितल्याशिवाय वैद्यकीय कागद जोडू नका.

४. भारतातली पदवी असेल तर

मुंबई किंवा पुणे विद्यापीठाच्या पदवीला एलसॅक जीपीए देत नाही. गुणपत्रिकांचं मूल्यमापन होऊन उत्कृष्ट, सरासरीपेक्षा वरचा, सरासरी किंवा त्याखालचा असा शेरा मिळतो. त्यामुळे आपल्याकडचे साठ टक्के म्हणजे काय, यावर पुरवणीत जागा घालवू नका. एटीकेटी लागली असेल किंवा वर्ष गेलं असेल, तर त्याचं कारण द्या.

५. पाठवण्याआधी

प्रत्येक लॉ स्कूलची सूचना वाचा. कुठे शब्दमर्यादा असते, कुठे अर्जातच त्यासाठी वेगळा रकाना असतो. कागदावर नाव आणि एलसॅकचा खातेक्रमांक टाका. पुरवणीतला प्रत्येक आकडा गुणपत्रिकेशी ताडून बघा. त्या काळात तुम्हाला शिकवलेले एखादे प्राध्यापक शिफारसपत्र देणार असतील, तर काय घडलं होतं ते त्यांना आधी सांगा, म्हणजे तेही आपल्या पत्रात दोन ओळी लिहू शकतील. शेवटी मसुदा घरच्यांऐवजी तुमची हकीकत माहीत नसलेल्या एखाद्याला वाचायला द्या. वाचून झाल्यावर त्याच्या मनात ‘पण मग पुढे काय झालं?’ असा प्रश्न उरला, तर तारखा आणि नंतरचे गुण अजून नीट आलेले नाहीत. तेवढेच दुरुस्त करा.