फुकट वाटलेले सॉफ्टवेअर: बिल कसे करावे आणि ते विकता का येत नाही

इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानात लॅपटॉपसोबत ‘अँटिव्हायरस फ्री’ देणे आणि तिथल्याच सियागंज बाजारातल्या व्यापाऱ्याला दिवाळीला बिलिंग सॉफ्टवेअरची लायसन्स भेट देणे, ही जीएसटीच्या हिशेबात दोन अगदी वेगळी कामे आहेत. दोन्हींच्या खरेदीची बिले एकाच फाइलमध्ये जातात आणि घोळ तिथेच सुरू होतो.

लॅपटॉपसोबत दिलेले सॉफ्टवेअर खरे तर फुकट नसते. ७ मार्च २०१९ च्या परिपत्रकानुसार (क्र. ९२/११/२०१९) ‘एकावर एक फ्री’ म्हणजे एका किमतीत दोन वस्तूंची विक्री. म्हणून बिलावर अँटिव्हायरसची वेगळी ओळ घाला आणि ठरलेली एकूण रक्कम दोन ओळींत वाटा. दोन्हींवर दर १८ टक्केच असल्याने करात फरक पडत नाही, पण अँटिव्हायरसच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट (म्हणजे तो कर आपल्या देय करातून वजा करण्याची सोय) टिकते. बिलात न दाखवता खोका तसाच हातात ठेवला, तर तपासणीत ती भेट ठरू शकते.

निव्वळ भेटीवर विक्रीचा कर लागत नाही, कारण मोबदला नाही. मात्र खरेदीचे क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) मुळे जाते. एक लायसन्स ६,००० रुपयांना घेतले, त्यावर जीएसटी १,०८०. अशी चार वाटली तर ४,३२० रुपयांचे क्रेडिट उलटवावे लागते. ही रक्कम जीएसटीआर-३बी या विवरणपत्राच्या तक्ता ४(बी)(१) मध्ये दाखवा. डाउनलोडचे लायसन्स ही वस्तू नसून सेवा आहे, म्हणून क्रेडिट राहते, असा युक्तिवाद कानावर येतो. त्यावर विसंबू नका. त्याच परिपत्रकात भेटींसाठी वापरलेल्या सेवांचे क्रेडिटही नाकारले आहे.

इंदूरच्या कार्यालयाने पुण्याच्या स्वतःच्याच शाखेला लायसन्स फुकट दिले, तर मात्र कर लागतो. दोन राज्यांतल्या दोन जीएसटी नोंदणी म्हणजे कायद्याने दोन वेगळ्या व्यक्ती. आयजीएसटी (दोन राज्यांतल्या व्यवहारावरचा जीएसटी) लावून बिल करा. शाखेला पूर्ण क्रेडिट मिळत असेल, तर जीएसटीच्या नियम २८ प्रमाणे बिलावरची किंमतच बाजारभाव मानली जाते.

आता आयकर. व्यवसायाच्या संबंधातून दिलेल्या लाभावर १ जुलै २०२२ पासून जुन्या आयकर कायद्याच्या कलम १९४आर खाली १० टक्के टीडीएस (देतानाच कापायचा कर) लागू झाला. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर अधिनियम २०२५ मध्ये टीडीएसच्या तरतुदी कलम ३९३ मध्ये एकत्र केल्या आहेत. मर्यादा एका व्यक्तीला वर्षभरात २०,००० रुपये. ती ओलांडली की वरच्याच नव्हे, संपूर्ण रकमेवर कर. विकत आणून दिले असेल तर जीएसटी वगळून खरेदी किंमत धरायची. वरच्या चार लायसन्सचे २४,००० होतात, टीडीएस २,४००. भेट वस्तुरूपात असल्याने कापायला पैसेच नसतात. म्हणून घेणाऱ्याकडून कर भरल्याचे चलन व घोषणापत्र *आधी* घ्या, मगच अ‍ॅक्टिव्हेशन की (सॉफ्टवेअर सुरू करण्याचा क्रमांक) पाठवा. कर स्वतः सोसायचा असेल तर तो करही लाभात धरला जातो: २४,००० भागिले ०.९ म्हणजे २६,६६७, आणि कर २,६६७. देणारा एकट्याच्या मालकीचा व्यावसायिक असेल आणि मागील वर्षीची उलाढाल १ कोटीच्या आत असेल, तर ही जबाबदारी नाही. घरगुती वापरासाठी घेणाऱ्यालाही हे कलम लागत नाही. घेणारा व्यापारी असेल तर टीडीएस कापला नसला तरी लाभ त्याच्या व्यवसायाच्या उत्पन्नात धरला जातो, हे त्याला जरूर सांगा. बऱ्याच जणांना ते नोटीस आल्यावरच कळते.

राहिला फुकट मिळालेले सॉफ्टवेअर विकण्याचा प्रश्न. कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम १४ नुसार प्रोग्रामची प्रत विकण्याचा हक्क कॉपीराइटधारकाचा आहे. तुमच्याकडे येते ती वापराची परवानगी, आणि तिच्या अटी करारात असतात. ‘अहस्तांतरणीय’, ‘पुनर्विक्रीसाठी नाही’, ‘केवळ वैयक्तिक वापर’ यांपैकी एक शब्दही दिसला, तर की विकू नका, दुकानाच्या बिलिंगच्या संगणकावर टाकण्याआधीही पुन्हा वाचा. प्रचारासाठी फुकट वाटलेल्या की बहुधा ईमेल किंवा संगणकाशी बांधलेल्या असतात, अ‍ॅक्टिव्हेशनला ठरावीक मुदत असते, पुढचे अपग्रेड मिळत नाही. विंडोज नव्याने टाकले की लायसन्स गेले, आणि पैसे मोजलेला ग्राहक तुमच्या काउंटरवर येतो. प्रती काढून विकल्या तर कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

जीपीएल या मुक्त परवान्याचे सॉफ्टवेअर याला अपवाद. त्याची प्रत कोणत्याही किमतीला विकता येते, फक्त सोर्स कोड (प्रोग्रामची मूळ संहिता) आणि तेच हक्क ग्राहकाला द्यावे लागतात. शिवाय ते बसवून देण्याची, शिकवण्याची मजुरी उघडपणे घ्या. नोंदणीकृत असाल तर तिच्यावर १८ टक्के जीएसटी लावा.

जुना लॅपटॉप विकताना प्रचारात मिळालेले प्रोग्राम आधी काढून टाका, खात्यातून लॉगआउट करा आणि बिलावर फक्त यंत्राची किंमत लिहा.