खाडी उतरायची, सडा चढायचा: एकटीच्या सायकलवारीची तयारी

कोकणातला रेवस ते रेडी हा सागरी मार्ग नकाशात समुद्राला चिकटून जाताना दिसतो, आणि पहिली फसगत तिथेच होते. किनारा म्हणजे सपाट रस्ता, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात दर थोड्या अंतरावर एक खाडी आडवी येते. सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरून, वळणं घेत पार पाण्यापर्यंत उतरायचं, पलीकडे जायचं, की लगेच पुढचा सडा चढायला घ्यायचा. म्हणून यादीत सगळ्यात वर गिअर. पुढची चकती लहान आणि मागची सर्वात मोठी निदान ३४ दात्यांची हवी. दुकानात सांगतील, एवढी लागत नाही. सांगणारा पाठीमागे आठ किलो लादून चढलेला नसतो.

सरावही तसाच. सिंहगड एकदा चढून आलात तर चांगलंच आहे, पण त्यापेक्षा कात्रजचा जुना घाट भरलेल्या बॅगांसह सलग तीनदा चढा-उतरा. शेवटच्या फेरीत पायांपेक्षा मनगटं आणि बैठक जास्त बोलायला लागतात, आणि ते घराजवळ कळलेलं बरं. निघण्याआधी दोन दिवसांची एक छोटी वारीही करा. परत आल्यावर बॅगेतलं जे एकदाही बाहेर निघालं नाही ते घरी ठेवा. पंक्चरचं सामान आणि औषधं तेवढी वगळून.

दिवस निवडायचे ते नोव्हेंबरच्या अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचे. जायचं उत्तरेकडून दक्षिणेकडे. सकाळी मतलई वारा असतो, पण दुपारी समुद्रावरून वायव्येचा खारा वारा सुटतो, तो पाठीशी असलेला चांगला. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, आणि त्या वळणावळणाच्या रस्त्यांवर अंधारात चालवू नये. मी दिवसाला साठ किलोमीटर धरले होते. ऐकायला कमी वाटतात. तिसऱ्या दिवशी पन्नास केले.

खाड्यांचा हिशेब कागदावर मांडून ठेवा. रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल आहे. पुढे आगरदांडा ते दिघी, सावित्रीवर बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ ते जयगड अशा फेरीबोटी. गाडी चढते तिथे सायकलही चढते, तिकीट किरकोळ. बोटीच्या वेळा आदल्या मुक्कामी विचारून घ्या, कारण शेवटची बोट चुकली तर रस्त्याने मोठा वळसा पडतो. सुट्टे पैसे जवळ ठेवा. धक्क्यावर रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत.

आता दुरुस्तीची पिशवी. दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे लिव्हर, पंप, साखळीची जोडकडी, एलन कीचा संच, एवढं सगळेच घेतात. बारीक व्हॉल्व्हची ट्यूब असेल तर पितळी अडॉप्टर घ्या, म्हणजे गावातल्या मोटरसायकलच्या पंक्चरवाल्याकडेही हवा भरता येते. ब्रेकपॅड नवे घालून निघा, खाडीचे उतार ते खातात. आणि कॅरिअरला लागणारे मूठभर एम ५ चे (५ मिमी जाडीचे) स्क्रू. हे मी नेले नव्हते. दाभोळकडे उतरताना मागून जळक्या रबराचा वास आला. थांबून पाहिलं तर कॅरिअरचा डावा स्क्रू कधीच गळून पडला होता आणि बॅग टायरवर टेकली होती. हाताने धरून, ढकलत धक्क्यावर आणली. बोटीवरच्या एका खलाशाने न विचारता खिशातून जाळ्याचा निळा नायलॉन दोरा काढला, कॅरिअरची दांडी फ्रेमला सात-आठ वेढे देऊन आवळली, दाताने टोक तोडलं आणि म्हणाला, "आता मालवणपर्यंत बघू नका." मी रोज बघत होते. तो जराही सैल झाला नाही.

पुळणीवरून सायकल चालवायचा मोह होतो. भरतीची वेळ काढायची कोळ्यांची रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहाच्या आसपास भरती, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या. तिथून सहा तासांनी ओहोटी, वाळू घट्ट. एवढं सांगून झाल्यावर सल्ला असा, की नेऊ नका. खारं पाणी साखळीत आणि बेअरिंगमध्ये शिरतं. नेलीच, तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. एरवीही रोज रात्री फडक्याने साखळी पुसून थोडंच तेल द्या. जास्त तेलावर जांभ्याची तांबडी धूळ बसते आणि कानशीसारखी दाते खात राहते.

पाणी तीन बाटल्या. सड्यावर ना सावली ना टपरी. मीठ-साखरेची पुडी (ओआरएस) विकतची घेतलीत तरी हरकत नाही, पण मी वाटेत कोकमाचं आगळ घेतलं. त्यात मीठ असतंच, साखर आपण घालायची. अमृतकोकम मागू नका, ते नुसतंच गोड. कपडे दोन जोड, लवकर वाळणारे; दमट हवेत सुती कपडा सकाळीही ओला मिळतो. पॅडेड शॉर्टच्या आत काही घालायचं नाही. घासतं तिथे खोबरेल.

राहायचं घरगुती ठिकाणी, आणि जेवण दुपारीच फोन करून सांगायचं. आयत्या वेळी गेलात तर तुमच्या वाटणीचा मासा बाजारातून आलेलाच नसतो. "एकटीच?" हा प्रश्न रोज पाच वेळा येईल. रायगडात काळजीने, रत्नागिरीत चौकशीने, आणि सिंधुदुर्गात "खंयसून इलात?" याच्या पाठोपाठ. उत्तर हसून द्यायचं, पण पुढचा मुक्काम कुठे ते अनोळखी माणसाला सांगायचं नाही. घरी मात्र रोज सकाळी सांगायचं. रेंज जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या आणि संध्याकाळी किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर काळजी करायची, तेही ठरवून ठेवा. माझ्या आईने तो आठचा आकडा साडेसातवर आणला होता.

परतीची सोय निघण्याआधीच बघा. कुडाळ किंवा सावंतवाडीहून रेल्वेने यायचं तर पार्सल कार्यालयात आदल्या दिवशी जाऊन विचारा; गाडी थोडाच वेळ थांबत असेल तर सायकल चढवता येईलच असं नाही. पेडल काढावे लागतात, त्यासाठी १५ मिमीचा पाना. डावं पेडल उलट्या आट्याचं, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. मी फलाटावर वीस मिनिटं उलट दिशेने जोर लावत बसले होते.