घरच्या सर्व्हरचा बूट पेनड्राइव्ह पुन्हापुन्हा जातोय? नवा आणण्याआधी हे करा

दोन वर्षांत माझ्या घरच्या सर्व्हरचे तीन पेनड्राइव्ह गेले. पहिला गेला तेव्हा म्हटलं, नशीब. दुसऱ्या वेळी वाटलं, माल खराब असेल. तिसरा गेल्यावर मात्र दुकानात जाण्याऐवजी कॅबिनेट उघडून बसलो. पेनड्राइव्ह असे एकामागोमाग आपोआप जात नाहीत. त्यामागे काहीतरी कारण असतं, आणि ते तसंच राहिलं तर चौथाही त्याच वाटेने जातो.

माझ्याकडे अनरेड ही घरच्या सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम आहे. ती पेनड्राइव्हवरून सुरू होते, स्वतःला रॅममध्ये उतरवून घेते आणि मग पेनड्राइव्हचं काम जवळजवळ संपतं. सेटिंग बदललं की एखादी छोटी फाइल लिहिली जाते, एवढंच. त्यामुळे सगळं नीट असेल तर साधा पेनड्राइव्हसुद्धा वर्षानुवर्षं चालतो. पण याच कारणाने तो मेला तरी पटकन कळत नाही. फोटो उघडत राहतात, सिनेमे चालत राहतात, आणि एक दिवस वीज जाऊन आली की सर्व्हर सुरूच होत नाही.

पायरी १ : आधी बॅकअप

सर्व्हर आत्ता चालू असेल तर बाकीचं वाचण्याआधी हे करा. ब्राउझरमध्ये अनरेडचं 'मेन' पान उघडा, 'फ्लॅश'वर (म्हणजे बूट पेनड्राइव्हवर) क्लिक करा, 'फ्लॅश बॅकअप' दाबा. एक झिप फाइल मिळेल. ती सर्व्हरच्याच डिस्कवर ठेवून उपयोग नाही, कारण पेनड्राइव्ह गेला की त्या डिस्क उघडणारच नाहीत. लॅपटॉपवर ठेवा. त्याच वेळी 'मेन' पानाचा फोटो काढून ठेवा, कुठल्या सीरियल नंबरची डिस्क कुठल्या जागी आहे हे स्पष्ट दिसेल असा. हा फोटो शेवटच्या पायरीत लागणार आहे.

पायरी २ : लॉग काय म्हणतो ते बघा

'टूल्स'मध्ये 'सिस्टीम लॉग' उघडा. 'यूएसबी डिस्कनेक्ट' अशी ओळ दिसली आणि लगेच तोच पेनड्राइव्ह नव्या नावाने पुन्हा जोडल्याची नोंद असेल, तर आधी संशय पोर्टवर, जोडणीवर किंवा विजेवर घ्या. पेनड्राइव्ह धडधाकट असू शकतो. तो जागेवर असूनही 'आयओ एरर' (वाचण्या-लिहिण्यातल्या चुका) येत असतील, तर त्याची चिप थकली असण्याची शक्यता जास्त.

तिसरी शक्यता म्हणजे फक्त फाइल सिस्टीम, म्हणजे फाइलींची मांडणी, बिघडलेली असणं. सर्व्हर बंद करून पेनड्राइव्ह विंडोजच्या संगणकाला लावा आणि 'चेक डिस्क' चालवा. चुका दुरुस्त होऊन तो पुन्हा चालू लागला, तर फेकू नका. माझा पहिला पेनड्राइव्ह बहुधा असाच मी विनाकारण बाद केला.

पायरी ३ : हात लावून बघा

सर्व्हर काही तास चालू असताना पेनड्राइव्हला बोट लावा. माझा दुसरा पेनड्राइव्ह नखाएवढा, धातूचा होता. मागच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये, गरम हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याशेजारी. मे महिन्यात त्याला दोन सेकंदही बोट टेकवत नव्हतं. असे चिमुकले पेनड्राइव्ह दिसायला सुबक, पण उष्णता बाहेर टाकायला त्यांना अंगच नसतं.

म्हणून जरा मोठ्या आकाराचा घ्या आणि यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लावा. वेग फक्त सुरू होताना लागतो, तो कमी झाल्याने काही बिघडत नाही. यूएसबी २ चा पोर्ट बाहेर नसेल तर मदरबोर्डवर नऊ पिनांचा यूएसबी २ हेडर (आतली जोडणीची जागा) बहुतेक असतो. त्याला लावायचा छोटा अडॅप्टर मिळतो. पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या आत गेला की झाडू लागत नाही, मुलांचा हात लागत नाही आणि कुणी "जरा फाइल घेतो" म्हणून उपटतही नाही.

पायरी ४ : त्यावर कोण लिहितंय?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'मेन' पानावर प्रत्येक डिस्कसमोर 'राइट्स'चा आकडा असतो, फ्लॅशसमोरही. रात्री झोपताना तो लिहून ठेवा, सकाळी पुन्हा बघा. रात्रभर कुणी सेटिंगला हात लावलेला नसताना आकडा सारखा वाढत असेल, तर चोर सापडायलाच हवा.

माझ्याकडचा चोर मीच बसवलेला होता. एकदा सर्व्हर अधूनमधून अडकत होता म्हणून 'सिसलॉग सर्व्हर' या सेटिंगमध्ये सिस्टीम लॉगची प्रत फ्लॅशवर ठेवण्याचा पर्याय चालू केला होता. दोष सापडला, पण पर्याय बंद करायचा राहिला. त्यानंतर कित्येक महिने लॉगची ओळ न् ओळ पेनड्राइव्हवर जात होती. फ्लॅश मेमरीत एक ओळ बदलायची तरी अख्खा ब्लॉक पुसून पुन्हा लिहावा लागू शकतो. एसएसडी ही झीज सगळीकडे वाटून घेतो. स्वस्त पेनड्राइव्हला ते फारसं जमत नाही. हा पर्याय तपासापुरताच ठेवा. आपल्या स्क्रिप्ट किंवा एखादं प्लगइन 'बूट' फोल्डरमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हवरच, काही साठवत असेल तर तेही डिस्कवर हलवा.

अनरेड नसेल तर गणित वेगळं आहे. प्रॉक्समॉक्स, ट्रूनॅस किंवा साधं डेबियन अशा सर्व्हरच्या दुसऱ्या सिस्टीम दिवसभर लिहीत असतात. तिथे पेनड्राइव्हचा हट्ट सोडा आणि छोटा एसएसडी लावा. ओपनमीडियाव्हॉल्ट या अशाच आणखी एका सिस्टीमवर 'फ्लॅशमेमरी'सारखं प्लगइन बरंचसं लिखाण रॅममध्ये ठेवतं, त्याने पेनड्राइव्हचं आयुष्य वाढतं.

पायरी ५ : वीज

घराला इन्व्हर्टर असला तरी त्यावरचं बटण 'यूपीएस मोड'वर आहे का ते बघा. साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात संगणक बंद पडू शकतो. त्यातही घरगुती इन्व्हर्टर साधारणपणे सर्व्हरला काहीच कळवत नाही; बॅटरी संपली की सगळं धाडकन बंद. यूएसबी केबलने जोडता येणारा छोटा यूपीएस असेल तर अनरेडच्या 'यूपीएस सेटिंग्ज'मध्ये किती बॅटरी उरल्यावर सर्व्हर व्यवस्थित बंद करायचा ते ठरवता येतं.

पायरी ६ : नवा घेताना आणि बदलताना

अति स्वस्त, अति मोठ्या क्षमतेचा पेनड्राइव्ह नको. १६ किंवा ३२ जीबी भरपूर झाले. आणल्यावर रिकामा असतानाच विंडोजवर 'एचटूटेस्टडब्ल्यू' चालवून पूर्ण भरून तपासा. माझा तिसरा पेनड्राइव्ह मी असा तपासला नव्हता. नंतर तपासला तर लिहिलेल्या क्षमतेच्या पाव भागापुढे सगळा कचरा होता.

अनरेडचं लायसन्स पेनड्राइव्हच्या ओळख क्रमांकाला बांधलेलं असतं. पहिल्यांदा ते केव्हाही नव्या पेनड्राइव्हवर हलवता येतं. त्यानंतर आपोआप बदलण्याची सोय १२ महिन्यांत एकदाच. आणि एकदा हलवलं की जुना पेनड्राइव्ह त्या लायसन्ससाठी कायमचा बाद. म्हणून पायरी २ मधली खात्री पटल्याशिवाय 'रिप्लेस की' दाबू नका.

नव्या पेनड्राइव्हवर बॅकअप उतरवून सर्व्हर सुरू केला की लायसन्स बदलेपर्यंत डिस्कचा संच सुरू होत नाही. ही थांबलेली वेळ वापरा. पायरी १ मधला फोटो समोर धरा आणि एकेक सीरियल नंबर जुळवा, पॅरिटी डिस्कचा (एखादी डिस्क गेली तर तिचा डेटा परत मिळवून देणारी डिस्क) तर दोनदा. बॅकअप जुना असेल आणि मधे तुम्ही डिस्कची अदलाबदल केली असेल, तर डेटा असलेली डिस्क पॅरिटीच्या जागी दिसू शकते. तशीच सुरू केली तर तिच्यावरचं सगळं पुसलं जातं. नंबर जुळले, मग 'स्टार्ट' दाबा, आणि सगळं दिसतंय ना हे बघून लगेच नवा बॅकअप काढा.