नागपुरातून ॲक्टिंग सुरू करायचीय? आधी जोडी कोमरची पहिली दहा वर्षं बघा

आमच्या शेजारची पोरगी अकरावीत आहे, परवा मला म्हणे काका, मुंबईला गेल्याशिवाय ॲक्टिंगमध्ये काही होतच नाही का. मी म्हटलं बस इथं, एक उदाहरण सांगतो.

जोडी कोमर, इंग्लंडची ॲक्ट्रेस. १९९३ चा जन्म, गाव लिव्हरपूल, म्हणजे लंडन नाही, आणि ड्रामा स्कूलची डिग्रीही नाही. 'किलिंग ईव्ह' या सिरियलमधली खुनी बाई म्हणून २०१८ मध्ये ती सगळ्यांना माहीत झाली, २०१९ मध्ये एमी, म्हणजे टीव्हीचा मोठा अमेरिकन पुरस्कार, मिळाला. पण टीव्हीवर ती २००८ पासून होती बाप्पा! मधली दहा वर्षं कोणी बघत नाही, आणि शिकायसारखं सगळं तिथंच आहे.

सुरुवात तर गमतीची आहे. शाळेच्या कार्यक्रमात मैत्रिणींसोबत डान्स करायचा होता, ही घरच्यांसोबत फिरायला गेली तर पोरींनी ग्रुपमधून काढून टाकलं. मग हिने एकटीनेच मोनोलॉग, म्हणजे एकाच पात्राचं भाषण, केला, हिल्सबरोवर. १९८९ मध्ये फुटबॉल मॅचला चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलचे ९७ लोक गेले, ती घटना. म्हणजे बाराएक वर्षांच्या पोरीने तिच्या गावात घरोघरी माहीत असलेलं दुःख उचललं. ते बघून ड्रामाच्या टीचरने तिला बीबीसी रेडिओच्या नाटकाच्या ऑडिशनला पाठवलं, आणि तिथून गाडी सुटली.

म्हणून पहिलं काम: मोनोलॉग स्वतःच्या गावातला घ्या. नेटवरून उचललेलं तेच ते वेड्या प्रेयसीचं भाषण नको, ऑडिशन घेणाऱ्यानं ते सकाळपासून सतरा वेळा ऐकलेलं असतं. आपल्याकडे २३ नोव्हेंबर १९९४ आहे ना. गोवारी समाजाचा मोर्चा, हिवाळी अधिवेशन, चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले, त्यात बायका-लेकरं किती! सीताबर्डीच्या ज्या उड्डाणपुलावरून आपण गाडी दामटतो त्याला नावच गोवारी शहिदांचं आहे. आता यावर भाषण ठोकू नका. एक माणूस घ्या, एक वस्तू घ्या. मी त्या पोरीला हे लिहून दिलं: "माही चप्पल निंगाली म्हनून मी वाकली. उठून पायलं तं माय नाई." बस, इथं थांबायचं, मनात तीन आकडे मोजायचे आणि रडायचं नाही. तिने पहिल्यांदा 'आई नव्हती' असं पुस्तकी म्हटलं, पार फुस्स झालं. वऱ्हाडीत म्हणाली तेव्हा तिची आजी आतून बाहेर आली. बोली लपवू नका, कोमरचे लिव्हरपूली हेल इंटरव्ह्यूत आजही तसेच आहेत, भूमिकेसाठी ती हवी ती भाषा चढवते ती गोष्ट वेगळी.

दुसरं, आवाज. कोमरचं पहिलं काम रेडिओ होतं, आपल्याकडे सिव्हिल लाइन्सला आकाशवाणी आहे, नाटकाची ऑडिशन कधी निघते ते जाऊन विचारत राहायचं. माइकसमोर चेहरा कामाचा नाही, कागद फडफडला तरी ऐकू येतं.

मग छोटे रोल. कोमरने 'कॅज्युअल्टी', 'डॉक्टर्स', 'होल्बी सिटी' अशा दवाखान्याच्या सिरियलींमध्ये एकेक एपिसोड केले, मधल्या काळात सुपरमार्केटच्या काउंटरवर कामही केलं. स्टेज म्हणाल तर २०१० मध्ये स्कारबरो नावाच्या समुद्रकाठच्या गावात एक नाटक, आणि त्यानंतर थेट २०२२ मध्ये लंडनला 'प्रायमा फेसी', एकटीच स्टेजवर, मध्यंतर नाही. त्यावर २०२३ मध्ये ऑलिव्हिए आणि टोनी, लंडन आणि न्यूयॉर्कचे नाटकाचे मोठे पुरस्कार, दोन्ही मिळाले. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेचं नागपूर केंद्र आहे, दोन वाक्यांचा रोल मिळाला तरी घ्या, नाही मिळाला तर बॅकस्टेजला लागा. आणि झाडीपट्टीला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांना, नाक मुरडू नका हो. दिवाळीनंतर वडसा पट्ट्यात रात्रभर नाटकं चालतात, पहाटे तीनला पब्लिक जागं ठेवणं काय असतं ते कुठलंच स्कूल शिकवत नाही.

शेवटी सेल्फ टेप, म्हणजे घरीच शूट केलेली ऑडिशन, कारण आता मुंबईवाले आधी व्हिडिओच मागतात. मोबाइल आडवा, डोळ्यांच्या लेव्हलला, मागे साधी भिंत, फ्रेम छातीपासून वर. समोरचे डायलॉग वाचणारा माणूस कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला उभा करा, नजर त्याच्याकडे, लेन्सकडे नाही. आधी नाव, वय, उंची, गाव सांगा. आणि कुलर बंद करा! मी एकदा मे महिन्यात टेप पाठवली, जीव ओतून केली होती, उत्तर आलं की मागे पाऊस पडतोय का. तेव्हापासून मी सकाळी सहाला शूट करतो, कुलर बंद, पंखा बंद, आणि खालच्या दूधवाल्याला आधीच सांगून ठेवतो की भाऊ, आज घंटी नको वाजवू.